सोशिक झाडांच्या वतीने

यंदाच्या दिवाळीत तुमच्या घरी मिठाईच्या खोक्याबरोबर, किंवा मिठाईच्या ऐवजी, एखादे इवलेसे झाड येण्याचा संभव मोठा आहे. मुठीत मावेल अशी चिनी मातीची कुंडी, तिच्यात कमळाच्या पाकळ्यांसारखी रचलेली गुबगुबीत पाने, वर पांढऱ्या गुळगुळीत खड्यांचा थर आणि लाल फितीने बांधलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीचा मजकूर बहुधा ठरलेला असतो : पाणी नको, ऊन नको, काळजी नको. कचेऱ्या ही झाडे आपल्या माणसांना वाटतात, लग्नघरे पाहुण्यांच्या हाती परतभेट म्हणून ठेवतात. बाजारात त्यांना सरसकट ‘सक्युलंट’ म्हणतात. आपण मांसल झाडे म्हणू. पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवून कोरड्या दिवसांत त्यावर गुजराण करणारी ही मंडळी. कोरफड, घायपात, पानफुटी, शेर, निवडुंग ही आपल्या जुन्या ओळखीची. जेड, एचेव्हेरिया, हॉवर्थिया हे नवे पाहुणे.

माझे भांडण त्या चिठ्ठीशी आहे. तिच्यावरच्या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत. आता कोणी म्हणेल, खोट्या जाहिराती जगात काय थोड्या आहेत? त्या आहेतच. पण साबणाची जाहिरात खोटी निघाली तर फार तर सदरा मळका राहतो. या चिठ्ठीपायी एक जीव जातो, आणि तो इतका सावकाश जातो की घालवणाऱ्याला आपल्या हातून काय घडत आहे याचा पत्ताही लागत नाही.

ही झाडे ‘सोशिक’ आहेत, असे आपण कौतुकाने म्हणतो. मराठीत हा शब्द फार काळ सुनांसाठी राखून ठेवलेला होता. सून सोशिक आहे, म्हणजे तिच्याकडे पाहायला नको, तिला काही विचारायला नको, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. तोच अर्थ आता आपण कुंडीतल्या झाडाला लावला आहे. वस्तुस्थिती अशी आहे की ही झाडे न मरणारी नाहीत. ती उशिरा मरणारी आहेत. या उशिरालाच आपण टिकाऊपणा समजतो.

याचे एक उदाहरण आपल्या दारातच असते. दृष्ट लागू नये म्हणून घराच्या किंवा दुकानाच्या चौकटीवर मुळासकट उलटी टांगलेली कोरफड तुम्ही पाहिली असेल. माती नाही, पाणी नाही. तरी ती महिनोन्‌महिने हिरवी दिसते. येणारा-जाणारा म्हणतो, “बघा, कशी जगते!” ती जगत नसते. पानात साठवलेला रस ती घोटाघोटाने संपवीत असते. बाहेरची पाने एकेक करून वाळतात आणि मधला कोंभ तेवढा हिरवा राहतो. दिवाणखान्यातल्या पुष्कळशा मांसल झाडांची अवस्था याहून निराळी नसते. फरक इतकाच की ती सुलटी ठेवलेली असतात.

आता चिठ्ठीवरचा पहिला शब्द घेऊ : पाणी नको.

झाडाच्या पानांवर सूक्ष्म रंध्रे असतात. सामान्य झाड ती दिवसा उघडते, हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वायू आत घेते आणि उन्हाच्या बळावर आपले अन्न शिजवते. पण रंध्रे उघडली की आतले पाणीही वाफ होऊन बाहेर पडते. कोरड्या मुलखात हा सौदा परवडत नाही. म्हणून बहुतेक मांसल झाडांनी व्यवहार उलटा केला. ती रात्री, हवा गार असताना, रंध्रे उघडतात, वायू आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. दिवसा दारे बंद करून त्या साठ्यावर उन्हात स्वयंपाक होतो. रात्री बाजारहाट आणि दिवसा कडी लावून रांधणे, असा हा संसार आहे.

ही गोष्ट प्रथम ध्यानात येण्यात आपल्या देशाचा वाटा आहे. मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने दिवसाच्या निरनिराळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी चुक्यासारखी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट, असा त्यांना अनुभव आला. तसे त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले आणि ते पत्र १८१५ मध्ये छापले गेले. रात्री साठलेले आम्ल दिवसभरात खर्ची पडते, याची ती चवीवरून पटलेली साक्ष होती. हा प्रयोग घरी कोणी करू नये. ओळख नसलेले पान तोंडात घालणे शहाणपणाचे नव्हे.

ज्या झाडाने थेंबभर पाणी वाचवण्यासाठी दिवसाची रात्र केली, त्याला पाणी नको म्हणणे म्हणजे काटकसरीने राहणाऱ्या मास्तरांना पगार नको म्हणण्यासारखे आहे. त्यांना पाणी हवे असते. पण ते त्यांच्या रीतीने. त्यांच्या मुलखात पाऊस क्वचित येतो, येतो तेव्हा भिजवून जातो, आणि दगडगोट्यांच्या जमिनीतून पाणी झरझर निघून जाते. मग पुन्हा लांब उघडीप. म्हणून पाणी द्यायचे ते कुंडीच्या बुडातून वाहून जाईपर्यंत पोटभर द्यावे, आणि मग माती आतपर्यंत कोरडी होईतो हात आवरावा. देवपूजेच्या पळीने रोज चमचा चमचा पाणी घालणे ही दोन्हीकडून फसगत आहे : वरची माती सदा ओली राहते आणि खालची मुळे तहानलेलीच राहतात.

आणि गंमत अशी, की ‘पाणी नको’ म्हणून आणलेली ही झाडे घरोघरी मरतात ती बहुधा पाण्यानेच. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळे गुदमरतात, त्यांना बुरशी लागते आणि ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. मग पाने सुकतात. ती सुकलेली पाहून घरातले मायाळू माणूस आणखी पाणी ओतते. हे ओळखायची खूण सोपी आहे. तहानलेल्या झाडाचे पान सुरकुततते, पण देठाशी घट्ट असते. पाण्याने बिघडलेल्या झाडाचे पान पिवळट, काचेसारखे पारदर्शक होते आणि बोट लागताच गळते. पहिल्याला पाणी द्यावे. दुसऱ्याला कुंडीतून काढावे, कुजका भाग स्वच्छ सुरीने कापावा, उरलेला शेंडा सावलीत आठवडाभर ठेवून कापाची जागा वाळू द्यावी, आणि मगच कोरड्या मातीत रोवावा.

भेटीदाखल येणाऱ्या कित्येक कुंड्यांना तळाला भोकच नसते. त्यावर ते पांढरे खडे, आणि तेही कधी कधी डिंकाने चिकटवलेले. ही कुंडी नव्हे, हा हौद आहे. तेव्हा पहिले काम म्हणजे झाड त्यातून बाहेर काढून भोक असलेल्या साध्या मातीच्या कुंडीत लावणे. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, म्हणून ती या झाडांना मानवते. शेतातली काळी माती तेवढी घालू नका. कापसाला ती उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते. नेमक्या त्याच कारणाने ती यांना घातक. दोन वाटे चाळलेली बारीक खडी किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, एक वाटा पोयटा आणि मूठभर कुजलेले शेणखत, एवढे पुरते.

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्याची नसते, पावसाळ्याची असते, हेही चिठ्ठी सांगत नाही. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मेक्सिकोच्या डोंगरपठारावरच्या एचेव्हेरियाने अशी संततधार जन्मात पाहिलेली नसते. गच्चीत किंवा अंगणात ठेवलेली अशी झाडे मृगाच्या आधी पागोळीबाहेर, डोक्यावर छप्पर येईल पण वारा लागेल अशा जागी हलवली पाहिजेत. दुष्काळाला न डगमगणारे झाड श्रावणात चार दिवसांत वितळते.

दुसरा शब्द : ऊन नको.

भर दुपारी उघड्यावर पडणारा उजेड एक लाख लक्सच्या आसपास असतो. खिडकीपासून दूर, टेबलावर किंवा पुस्तकांच्या फळीवर तो काही शेकड्यांवर येतो. आपले डोळे असे हुशार की दोन्हीकडे त्यांना चांगले दिसते, म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. झाडाला तो जाणवतो. अंधाऱ्या जागी महिनाभर ठेवले की कमळासारखा घट्ट आकार उसवतो, खोड मान लांबवते, पाने विरळ आणि फिकी होतात. घरातले आनंदाने सांगतात, “पाहा, केवढे वाढले!” ते वाढलेले नसते; उजेड शोधायला निघालेले असते. ताणलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. शेंडा कापून नव्याने लावणे एवढाच त्यावर इलाज.

घरात ठेवायचेच असेल तर पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी त्यांची. कपाटाची फळी त्यांची नव्हे. मात्र इतके दिवस सावलीत असलेले झाड एकदम टळटळीत उन्हात नेऊ नका. माणसासारखे तेही भाजते आणि पानांवरचे डाग जन्मभर राहतात. दोन-तीन आठवड्यांत थोडे थोडे करून ऊन वाढवा. विदर्भात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा दुपारी जाळीची सावलीही हवी. हॉवर्थिया आणि स्नेक प्लांट कमी उजेड सहन करतात, हे खरे. पण सहन करणे आणि मानवणे या दोन क्रियापदांतला भेद आपल्याला नव्याने शिकायला हवा.

याच स्नेक प्लांटविषयी आणखी एक थाप राजरोस खपते : तो रात्री प्राणवायू सोडतो, म्हणून निजायच्या खोलीत ठेवावा. वर सांगितलेला संसार आठवा. रात्री हे झाड रंध्रे उघडते ते कार्बन डाय-ऑक्साइड आत घेण्यासाठी. प्राणवायू तयार होतो तो उजेडात. काळोखात कोणतेही झाड तो घडवू शकत नाही. तसेच हवा शुद्ध करण्याचे. १९८९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने केलेल्या एका अभ्यासाचा हवाला जिकडेतिकडे दिला जातो. तो अभ्यास हवाबंद पेट्यांत केलेला होता, आपले घर हवाबंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब एकत्र मांडला. इमारतीत सहज खेळणारी हवा जेवढी स्वच्छता करते तेवढी झाडांकडून व्हायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील, असे त्यांना आढळले. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीत कमीत कमी नव्वद कुंड्या! माणसाने मग निजायचे कोठे? खिडकी उघडावी, हे त्याहून स्वस्त.

तिसरा शब्द : काळजी नको. हा सगळ्यांत वाईट, कारण पुढचे सगळे अत्याचार त्याच्या आडोशाने होतात. ज्याला काळजी नको त्याला काहीही केले तरी चालते. म्हणून झाडांच्या पानांवर निळा-सोनेरी रंग फवारतात. त्या रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही. म्हणून निवडुंगाच्या डोक्यावर वाळलेली कागदी फुले गरम डिंकाने डकवतात आणि ‘फुलणारे कॅक्टस’ म्हणून विकतात. लाल-पिवळ्या चेंडूसारखे जे चिमुकले कॅक्टस मुलांना फार आवडते, त्याची कथा तर चमत्कारिकच आहे. त्या चेंडूत हरितद्रव्य जवळजवळ नसतेच, त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही. १९४० च्या दशकात जपानात असे रंगीत रोप दुसऱ्या हिरव्या निवडुंगावर कलम करून जगवण्यात आले आणि तेव्हापासून हा धंदा चालू आहे. खालचा हिरवा कष्टकरी ड्रॅगनफ्रूटच्या जातकुळीतला. खालच्याने रांधायचे आणि वरच्याने शोभा द्यायची. ही जोडी थोडी वर्षे टिकते आणि मोडते. विकणारा हे सांगत नाही. घेणारा समजतो आपला हात अपयशी.

काळजी म्हणजे काय, हे एकदा सरळ सांगतो. प्रत्येकाचे पंचांग वेगळे असते. अडेनियमला कडक ऊन मानवते आणि थंडीत ते पाने गाळून विसावा घेते. तेव्हा त्याचे पाणी जवळजवळ तोडावे. हॉवर्थिया, कोरफड, एचेव्हेरिया यांना देशावरची थंडी सुखाची. त्या वेळी ती वाढतात आणि वैशाखात थांबतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढावा, आणि झाड काही दिवस इतरांपासून दूर ठेवावे. शेर किंवा निवडुंग छाटताना हातमोजे घालावेत. त्यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. मुले असलेल्या घरात हे विसरून चालणार नाही. यांतले एकही काम कष्टाचे नाही. सगळी कामे पाहण्याची आहेत. रोज पाणी घालणे सोपे. रोज पाहून पाणी न घालणे अवघड.

येथवर घरातल्या झाडांविषयी झाले. पण ही झाडे येतात कोठून, हा प्रश्न आपण विचारीत नाही, आणि खरा अन्याय तेथे आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम अंगाला, नामिबियाच्या सरहद्दीपर्यंत पसरलेला कारूचा एक कोरडा प्रदेश आहे. मांसल झाडांची एवढी विविधता जगात दुसरीकडे नाही. तेथे हिवाळ्यात धुक्याच्या आणि तुरळक सरींच्या आधारावर बोटाच्या पेरापेक्षा लहान झाडे दगडांच्या फटीत राहतात. विल्यम बर्चेल या इंग्रज प्रवाशाने १८११ मध्ये एक विचित्र गारगोटी समजून जे उचलले ते झाड निघाले. आज त्याला लिथॉप्स म्हणतात. त्याच मुलखातली कोनोफायटम नावाची बुटकी झाडे अलीकडे जगभरच्या हौशी लोकांच्या नजरेत भरली. २०१९ पासून, आणि विशेषतः २०२० च्या महासाथीनंतर, तेथे डोंगरच्या डोंगर खरवडून झाडे चोरण्याचे प्रकार वाढले. मागणी दूरदेशची, फोनवर बोट ठेवून नोंदवलेली. खणणारे हात मात्र तेथल्याच गरीब, बेकार माणसांचे. तेथील अधिकाऱ्यांनी आजवर दहा लाखांहून अधिक चोरटी झाडे पकडली आहेत. न पकडलेली किती, याचा हिशेब कोण देणार? कॅलिफोर्नियाच्या समुद्रकड्यांवरची डडलेया नावाची झाडे अशीच उपटली जाऊ लागली, तेव्हा त्या राज्याने २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आणि २०१५ मध्ये जगातल्या सगळ्या कॅक्टस-जातींचा जो आढावा प्रसिद्ध झाला त्यात शंभरातल्या एकतीस जाती नष्ट होण्याच्या वाटेवर असल्याचे दिसून आले. वाळवंटात शतकानुशतके तहान सोसली. हौस सोसवली नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. “आमच्या कोपऱ्यावरचा रोपवाटिकेवाला काही आफ्रिकेत चोऱ्या करीत नाही. त्याच्या पोटावर का उठता?” त्याच्या पोटावर मी उठत नाही, उलट त्याच्याकडूनच झाड घ्या, असे माझे सांगणे आहे. जेडची फांदी, एचेव्हेरियाचे पान, हॉवर्थियाचे पिल्लू यांपासून नवी रोपे सहज होतात. जो माळी आपल्या हाताने पिल्ले वाढवतो त्याला कोणाच्या डोंगराची गरज पडत नाही. प्रश्न असतो तो दुर्मिळ म्हणून मिरवणाऱ्या, चढ्या भावाच्या, वाकड्यातिकड्या जुनाट झाडांचा. कुंडीत वाढलेले झाड सारख्या अंगाचे असते. उन्हापावसाने रापलेले, ओरखडे पडलेले, मुळे तुटकी असलेले झाड दिसले तर ते रानातून उपटलेले असण्याचा संशय घ्यावा आणि विचारावे : हे बियाणाचे की रानातले? उत्तर मिळाले नाही तर पाकीट खिशात ठेवावे.

आता थोडे आपल्या अंगणाकडे वळू. दूरच्या झाडांसाठी जीव टाकणारे आपण जवळच्यांना ओळखतही नाही. आपल्या रानातला जुना तीनधारी निवडुंग हा कॅक्टस नव्हेच. कॅक्टसचे सारे कुळ अमेरिका खंडातले. एकच जात आफ्रिकेत आणि सिंहलद्वीपातही नैसर्गिकरीत्या आढळते. आपला निवडुंग शेराच्या कुळातला : मोडला की पांढरा चीक येतो. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या बारीक गाद्यांतून फुटतात आणि तसा दुधी चीक सहसा नसतो. दोन खंडांत दोन निराळ्या कुळांनी कोरडेपणावर एकच तोडगा काढला. शाळेतल्या मुलांना ही गोष्ट कुंपणाशी नेऊन दाखवता येईल. पण कुंपणे गेली आणि तारा आल्या.

शिवनेरी, सज्जनगड अशा काही गडांच्या कड्यांवर एक मांसल झाड आहे : शिंदळ माकुडी. नाव रांगडे आहे, पण रूप देखणे. १८६० च्या दशकात डाल्झेल यांनी शास्त्राला त्याची ओळख करून दिली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव त्याला ठेवले. ही जात आपल्या सह्याद्रीबाहेर जगात कोठेही रानात आढळत नाही. पावसात पाने धरते, उन्हाळ्यात ती गाळून नुसत्या मांसल खोडावर राहते. तपकिरी-लाल, पिवळ्या ठिपक्यांची फुले येतात आणि त्यांच्या वासाला माश्या जमतात. १९८० च्या दशकात जगातल्या अत्यंत धोक्यात असलेल्या मोजक्या वनस्पतींत तिची गणना झाली होती. फांदीपासून ती सहज वाढते, आणि आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तशी रोपे करून लावलीही आहेत. गडावर जाणाऱ्यांना हात जोडून विनंती, की ती पाहा आणि तेथेच राहू द्या. तिचे छायाचित्र आपल्या दिवाणखान्यात लागत नाही, आणि जेडच्या चार पानांना मात्र आपण पैशाचे झाड म्हणून उदबत्ती ओवाळतो.

काटेरी झाड घरात असले की भांडणे होतात, असेही सांगतात. कॅक्टसचा काटा हे पानाचेच बदललेले रूप आहे. पाणी वाचवावे, अंगावर थोडी सावली पडावी आणि गुरांनी तोंड लावू नये म्हणून. घरातल्या भांडणांची कारणे घरातच शोधावीत. ती कुंडीत सापडत नाहीत.

आणि एक इशारा. घरात कंटाळा आला म्हणून ही परदेशी झाडे टेकडीवर नेऊन टाकू नका. फड्या निवडुंगाचा इतिहास आठवा. किरमिजी रंग देणाऱ्या किड्यांना खाद्य म्हणून अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने तो हौसेने लावला. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे आणले ते दुसऱ्याच, हलक्या जातीचे निघाले. रंगाचा धंदा बुडाला, पण किड्यांनी एका जातीचा निवडुंग फस्त केला. मागे राहिलेली दुसरी जात मात्र माळरानांवर अशी पसरली की १९२६ मध्ये दक्षिणेत तिच्यावर दुसरे किडे सोडावे लागले. पानागणिक पिल्ले टाकणाऱ्या पानफुटीच्या बहिणीही कुंपण ओलांडायला टपलेल्या असतात. झाड नको झाले तर शेजारी द्या, शाळेला द्या. रानाला देऊ नका.

तेव्हा माझी मागणी एवढीच. झाडे भेट देणाऱ्या कचेऱ्यांनी, लग्नघरांनी आणि ती बांधून देणाऱ्या दुकानदारांनी चिठ्ठी बदलावी. तिच्यावर झाडाचे नाव असावे, त्याचे मूळ गाव असावे, ते बियाणाचे की कलमाचे हे असावे. किती ऊन, पाणी केव्हा, आणि पाणी केव्हा नाही, हे असावे. ज्याच्या हाती जीव द्यायचा त्याला एवढे सांगणे हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे. चिठ्ठीवर तेवढी जागा नसेल, तर झाड देऊ नये. चिवड्याचा डबा द्यावा. तो आठवडाभर कोणी उघडला नाही, तरी त्याला काही सोसावे लागत नाही.